अप्पांना दुपारी काय द्यायचं?

सोनटक्का | ४ मे, रात्री १०:५०

शीर्षक विचित्र आहे, माहीत आहे. जेवणाचं नाही विचारत.

अप्पा (माझे वडील, वय ७६) दिवाळीपासून आमच्याकडे वाघोलीला आहेत. आई गेल्यावर गावात एकटे कशाला, म्हणून आम्हीच आग्रह करून आणलं. तब्येत ठीक. बीपीची एक गोळी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी मोटारसायकलवर आणि पाटाच्या कडेने गेली. उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी पाटाला सोडायचं पाणी) सुटलं की महिनाभर घरी धड जेवायला नसायचे.

आता सकाळ निघून जाते. फिरणं, चहा, पेपर, अंघोळ, पूजा. संध्याकाळी खाली बाकावर बसतात. पण दुपारी एक ते पाच हा माणूस खिडकीपाशी खुर्ची घेऊन नुसता बसलेला असतो. टीव्ही नाही, झोपही नाही. मध्येच उठून गॅसचा नॉब बंद आहे ना ते बघून येतात, पुन्हा बसतात. मी घरून काम करते त्या दिवशी मला हे दिसतं, बाकीच्या दिवशी काय चालतं कोण जाणे.

करून झालेले उपाय: टॅब (कपाटात कुलपात आहे, 'काच खराब होईल' म्हणून). सुडोकूचं पुस्तक (दोन पानं). हास्यक्लब (एकदा गेले, येऊन म्हणाले, "हसायला झालं काय होतं त्यांना?"). बागकाम, म्हणजे बाल्कनीत चार कुंड्या. पाणी घालायला तीन मिनिटं लागतात. ज्या माणसाने शेकडो एकरांना पाणी सोडलं त्याच्या हातात मी झारी दिली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नवरा म्हणतो, वय झालंय, बसू दे. बसू द्यावं का? तुमच्याकडे काय करता?

बंड्या_कोथरूड | ४ मे, रात्री ११:१५

जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ गाठा. आमचे बाबा जातात. विषय संपला.

माजी_कार्यवाह | ५ मे, सकाळी ६:०५

बंड्या, इतक्यात संपत नाही. मी सहा वर्षं एका संघाचा कार्यवाह होतो म्हणून सांगतो.

संघ ही आपल्याकडची फार चांगली गोष्ट आहे. गल्लोगल्ली आहेत, वर्गणी किरकोळ, राज्यभरचे संघ फेस्कॉम या महासंघाला जोडलेले. निवेदनं देणं, सवलतींसाठी भांडणं, ही कामं तिथूनच होतात. पण आमच्या संघाचा महिना सांगू? पहिला आठवडा वाढदिवस. दुसरा व्याख्यान (गुडघे, मधुमेह, मृत्युपत्र, पुन्हा गुडघे). तिसरा गाणी. चौथा श्रद्धांजली. वर्षातून एकदा सहल, आणि त्या सहलीत खिडकीच्या सीटवरून झालेली भांडणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझा अनुभव असा की संघात दोन जातीची माणसं असतात. खुर्च्या मांडणारी सहा आणि खुर्च्यांवर बसणारी सव्वाशे. ती सहा ठणठणीत असायची. ऐंशीचे एक गृहस्थ हजेरीचं रजिस्टर सांभाळायचे, पावसाळ्यात छत्रीखाली रजिस्टर कोरडं आणि स्वतः भिजलेले असे यायचे. नव्या समितीने हजेरी मोबाइलवर घ्यायची ठरवली. काकांचं काम गेलं. दोन महिन्यांत त्यांचं येणं बंद झालं. घरी गेलो तर म्हणाले, "आता माझ्यावाचून काय अडतंय?"

बायकांचं आणखी एक. आमची वेळ साडेपाचची. त्या वेळी त्या नातवंडांना क्लासवरून आणत असतात. वेळ बदला असं मी तीन सभांमध्ये म्हणालो. तिन्ही सभांना ठराव करायला एकही बाई हजर नव्हती, कारण सभा साडेपाचला.

कडूलिंब | ५ मे, सकाळी ९:३०

मी नवऱ्याच्या बाजूने. चाळीस वर्षं खस्ता खाल्लेल्या माणसाने दुपारी खिडकीत बसलं तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? आपल्याला कोणी रिकामं बसलेलं बघवत नाही, हा आपला रोग आहे. आधी मुलांना सुट्टीत छंदवर्गाला धाडलं, आता बापांना.

सोनटक्का | ५ मे, सकाळी ९:५२

@कडूलिंब, पटतंय आणि नाहीही. बसणं आणि बसणं यात फरक असतो ना. गावी ओट्यावर ते तासन्‌तास बसायचे, पण येणारा-जाणारा थांबायचा, 'अप्पा, पाणी कधी सुटणार' विचारायचा. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी विचारायचा. इथे दहाव्या मजल्यावर कोण थांबणार?

चुलीवरची | ५ मे, दुपारी १:४०

सगळे पुरुषांचंच बोलताय म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई ७१ च्या. गाव कराडजवळ. पहाटे उठून गोठा, मग दोन नातवंडांचे डबे, मग भाजी निवडणं, दुपारी शेंगा फोडणं, संध्याकाळी परत गोठा. त्यांना 'सक्रिय ठेवा' असं कोणी म्हटलं तर त्या खुरपं फेकून मारतील. म्हातारा रिटायर होतो, म्हातारी कधी होते?

त्यांना काय हवंय ते मला योगायोगाने कळलं. ७५ झाल्यावर एसटी फुकट आहे ना (२०२२ पासून), ते त्यांनी ऐकलंय. आत्ताही अर्धं तिकीट पडतं, पण फुकटची गोष्टच वेगळी. बोटावर मोजतात, चार वर्षं राहिली. म्हटलं कुठे जाणार? म्हणाल्या, "कुठं का जाईना. खिडकीत बसून जाणार आन्‌ येणार."

सोनटक्का, तुमच्या अप्पांना खिडकी नको आणि आमच्या आत्याबाईंना खिडकी हवी. अदलाबदल करू :)

बंड्या_कोथरूड | ५ मे, दुपारी २:१०

चुलीवरची, +१००. आणि रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली ती काढलीच. आमचे बाबा अजून तिकीट काढताना दर वेळी तेवढं एक वाक्य बोलतात.

शिकोकूकर | ५ मे, संध्याकाळी ७:२५

मी नऊ वर्षं जपानात आहे. इथे १०० पैकी २९ माणसं ६५ च्या वरची, त्यामुळे हा प्रश्न घराघरात नाही, रस्त्यावर दिसतो. सायकल पार्किंगमध्ये सायकली सरळ लावणारे आजोबा, शाळेच्या वाटेवर झेंडा घेऊन उभे असलेले आजोबा, बागेतली झाडं छाटणारे आजोबा. यातल्या बऱ्याच जणांना काम 'सिल्व्हर जिन्झाई सेंटर' मिळवून देतं. १९७० च्या दशकात टोकियोत सुरू झालं, आता देशभर आहे. साठीच्या पुढचा कोणीही सभासद होऊ शकतो. मेख अशी की काम मुद्दाम थोडंच देतात, महिन्याला दहाएक दिवस किंवा आठवड्याला वीसएक तास. मोबदला मिळतो, पण त्यावर घर चालत नाही.

मला मात्र जास्त आवडतं ते कामिकात्सु. तोकुशिमा जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव, वस्ती दीड हजाराच्या आसपास, निम्मी म्हातारी. १९८१ च्या थंडीत तिथल्या संत्र्याच्या बागा जळाल्या. योकोइशी नावाचा शेती सहकारी संस्थेतला एक तरुण नोकर होता. त्याने पाहिलं की मोठ्या हॉटेलांत ताटात शोभेला मेपलचं पान, फुलाची डहाळी ठेवतात. १९८६ पासून त्याने गावातल्या आज्यांना पानं तोडून, निवडून, डब्यांत भरून विकायला लावलं. आधी हसले लोक, पाला कोण विकत घेणार म्हणून. आज आज्या संगणकावर ऑर्डर बघतात. आणि गंमत म्हणजे कमाईत आपला नंबर कितवा हे त्यांना स्क्रीनवर दिसतं. योकोइशीने मुद्दाम ठेवलंय. नंबर घसरला की आजी दुसऱ्या दिवशी लवकर डोंगरावर.

सगळं गोड नाही, हेही लिहितो. पेन्शन पुरत नाही म्हणून पंचाहत्तरीत रात्रपाळी करणारे म्हातारेही मी इथे बघतो. त्यांना 'सक्रिय ज्येष्ठ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माजी_कार्यवाह | ५ मे, रात्री ८:००

नंबर लावायची कल्पना आमच्या संघात आणली असती तर खून पडले असते.

गौरीहर | ५ मे, रात्री ८:४४

आपल्याकडचंही सांगा की. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा आहे. २०१६ च्या महिला दिनाला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी सुरू केली. आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून जातात. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला त्यातली शाळेची वेळ आवडते, दुपारची. म्हणजे घरची, शेतातली कामं उरकल्यावर. माजी_कार्यवाह, तुमच्या साडेपाचला हे उत्तर आहे.

हाडवैद्य | ६ मे, रात्री १२:१०

(फिजिओथेरपिस्ट आहे, नावावर जाऊ नका.)

कामाचं सगळे बोललात, शरीराचं कोणी बोललं नाही. सोनटक्का, तीन गोष्टी आधी बघा.

एक, कान. हास्यक्लबमध्ये ते परके का झाले? कदाचित विनोद ऐकूच आला नसेल. माणसाला चारचौघांतलं बोलणं पकडता येईना की तो 'मला गर्दी आवडत नाही' म्हणायला लागतो. घरी समोरासमोर नीट ऐकू येतं, म्हणून घरच्यांना पत्ता नसतो. स्मृतिभ्रंशाचे जे टाळता येण्यासारखे धोके लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या अभ्यासगटाने २०२४ मध्ये मोजले, त्या चौदांत ऐकू कमी येणं आहे, उपचार न केलेली दृष्टी आहे आणि एकटं पडणंही आहे. ऑडिओग्राम करून घ्या. आणि दुसरा मोतीबिंदू कशाची वाट बघतोय?

दोन, तोल. नुसतं फिरणं पुरत नाही. आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचे व्यायाम हवेत. ओटा धरून एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं. शेजारी कोणीतरी पाहिजे.

तीन, खुर्ची. हाताचा आधार न घेता उठता येतं का बघा. येत नसेल तर उंच खुर्ची आणून देऊ नका, उठायचा सराव द्या. आपण प्रेमापोटी म्हाताऱ्यांचं एकेक काम काढून घेतो, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देतो. मग मांड्या जातात. मांड्या गेल्या की संडासला जाणं अवघड, ते अवघड झालं की बाहेर जाणं बंद.

एकोणऐंशी | ६ मे, पहाटे ५:२०

मी स्वतः ७९ वर्षांचा आहे. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आपण सर्वजण आमच्याविषयी चांगलं चिंतता आहात. तरी एक विचारतो. सोनटक्काताई, तुम्ही अप्पांना विचारलंत का? 'तुम्हाला काय आवडेल' असं नव्हे. त्याला आम्ही 'काही नको, सगळं आहे' असंच म्हणणार. 'माझं हे अडलंय, तुम्ही कराल का' असं.

मी बँकेत होतो. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. माझ्या मुलीने मला शिकवलं. त्यात डोळे मिचकावायला सांगतात. शेजारच्या बाई इतक्या घाबरल्या की त्यांनी जे डोळे मिटले ते उघडेनात. मी म्हटलं, वहिनी, हयात आहात हे दाखवायचंय. त्या हसल्या आणि त्या हसण्यात डोळे मिचकले, दाखला झाला. त्या महिन्यात आमच्या इमारतीतले एकवीस दाखले मी केले. वहीत नोंद आहे. नंतर अकरा महिने मी रिकामाच असतो, पण लोक जिन्यात विचारतात, 'काका, नोव्हेंबरात आहात ना?' मला आता नोव्हेंबरात असणं भाग आहे.

कडूलिंब | ६ मे, सकाळी ८:१५

काका, तुमच्यापुढे माझं म्हणणं मागे घेतो.

एकोणऐंशी | ६ मे, सकाळी ८:५०

नका घेऊ. दुपारी दोन ते चार मीही खिडकीत बसतो. मजेत बसतो.

एडिसनवाला | ६ मे, सकाळी ९:०५

न्यू जर्सीतून. आमचे आई-बाबा सहा महिने येतात आणि गाडी चालवता येत नसल्याने घरात अडकतात. यंदा बाबांना शेजारच्या मराठी मुलांना पाढे शिकवायला बसवलं, शनिवारी तासभर. पावकी-निमकीपर्यंत गाडी गेली. मुलं कंटाळली, बाबा नाही. वाचतोय.

सोनटक्का | १९ मे, रात्री ११:३०

पंधरा दिवस गायब होते. कारण सांगते.

एकोणऐंशी काकांचं वाचून दुसऱ्या दिवशी अप्पांना म्हटलं, सोसायटीचं टँकरचं बिल फार येतंय, जरा बघाल का? आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा टँकर लागतात. खरं तर असंच म्हटलं होतं, मला काही अडलं नव्हतं. अप्पा काही बोलले नाहीत. दुपारी खिडकीतून बघत होते तसेच बघत बसले. चार वाजता म्हणाले, "दीडचा टँकर अकरा मिनिटांत रिकामा झाला. सकाळच्याला चौदा लागली होती. पंप तोच." म्हणजे हे सहा महिने खिडकीतून टँकर बघत होते! मला वाटत होतं शून्यात बघतायत.

दुसऱ्या दिवशी एक बांबूची काठी पैदा केली, टेपने मोजून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. तिला खडू घासतात, म्हणजे पाणी कुठवर आलं ती ओली रेघ उठून दिसते. वॉचमन टँकरवर चढून झाकणातून काठी बुडवतो, अप्पा खाली उभे राहून रेघ वाचतात आणि वहीत लिहितात. (हाडवैद्य, ते वर चढत नाहीत. एकदा चढायला निघाले होते, मी वरून ओरडले.) टाकी आतून १५० सेंटिमीटर उंच, पाणी १२०.

मी लगेच हिशेब केला, पाचवा हिस्सा गायब, दहा हजारांतले दोन हजार लिटर! सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला निघाले तर अप्पांनी थांबवलं. म्हणाले, "टाकी चौकोनी आहे का? गोल आहे. वरच्या अंगाला निमुळती होते, तिथे पाणी कमीच मावतं. कमी आहे ते चौदाशे. जेवढं चोरलंय तेवढंच म्हणावं."

मग ती वही घेऊन ते समितीकडे गेले. पदाधिकारी म्हणाले, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आराम करा." अप्पा घरी आले, वही टेबलावर ठेवली आणि जेवले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, कुठून हे उकरून काढलं.

माजी_कार्यवाह | २० मे, सकाळी ६:१०

'आराम करा' हे वाक्य आमच्या पिढीला शिवीसारखं लागतं. पुढे?

सोनटक्का | २० मे, सकाळी १०:२०

पुढे चार बायकांनी मनावर घेतलं. त्यांच्याकडे पाणी आधी संपतं, वरच्या मजल्यांवर. सभेत वही वाचली गेली, १२ दिवसांच्या ६४ नोंदी. समितीने अप्पांना 'मानद सल्लागार' करायचं ठरवलं.

एकोणऐंशी | २० मे, सकाळी ११:०२

नको! मानद सल्लागाराला सामोसा मिळतो, सही मिळत नाही. सही मागा.

सोनटक्का | २६ मे, रात्री ९:४०

काका, तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. हसले, बऱ्याच दिवसांनी. मग स्वतः पत्र लिहिलं, जुन्या सरकारी भाषेत, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. आता असं ठरलंय की टँकरच्या चलनावर अप्पांची सही असल्याशिवाय बिल निघत नाही. पुरवठादार आधी चिडला, आता त्याचा ड्रायव्हर आला की स्वतःच काठी मागतो. बुधवारपासून टँकर भरलेले येतायत.

अप्पांनी चार इमारतींची शेजपाळी पण लावून दिली, कुठल्या टाकीत आधी पाणी जाणार त्याची. पाटावर जशी टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाळी द्यायची तशी, उंच इमारतीला आधी. यावर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ अप्पांशी रोज भांडतात. अप्पा रोज त्यांची वाट बघतात.

ऑडिओग्राम केला. उजव्या कानाला यंत्र लागणार. मोतीबिंदूची तारीख ८ जून, पण म्हणाले पाऊस पडून टँकर बंद झाल्यावर घ्या. यावर आमचं भांडण चालू आहे.

हाडवैद्य | २६ मे, रात्री १०:१५

८ जूनच ठेवा. आठवडाभर काठी वॉचमनने वाचावी. अप्पांनी त्याला शिकवावं.

चुलीवरची | २७ मे, दुपारी १:१५

पाऊस पडल्यावर काय करणार ते? माझ्या सासूबाईंचा प्रश्न आहे, मी वाचून दाखवते त्यांना.

सोनटक्का | २७ मे, दुपारी २:३०

माहीत नाही हो. तीच धास्ती आहे. टेरेसवरच्या पावसाच्या पाण्याचं काहीतरी बोलत होते काल.

बंड्या_कोथरूड | २७ मे, रात्री ९:००

आमच्या सोसायटीतही टँकर येतो. तो गोल टाकीचा हिशेब द्या ना, बाबांना देतो.

सोनटक्का | २७ मे, रात्री ९:३५

अप्पांनी सांगितलेलं जसंच्या तसं: वरून उंचीचा दहावा भाग रिकामा असेल तर पाणी शेकडा ५ ने कमी. पाचवा भाग रिकामा, तर १४ ने कमी. तीन दशांश रिकामा, तर २५ ने कमी. अर्धा रिकामा म्हणजे अर्धं. टँकर सपाट जागेवर उभा करून मोजायचं, उतारावर नाही.

आणि विचारतायत की तुमच्याकडच्या टाकीची आतली उंची किती आहे. झाकणाच्या गळ्याची उंची त्यात धरू नका म्हणाले, तिथेच सगळे चुकतात.